मनगटावरचे घड्याळ आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, पहाटे पाचच्या सुमारास, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो धावपटू पूर्ण मॅरेथॉनच्या आरंभरेषेपाशी उभे असतात. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत आता शहराच्या ओळखीचा भाग झाली आहे. उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांनी तासा-दोन तासांपूर्वी केळे, खजूर, पोहे असे काहीतरी हलके खाल्लेले असते, पाणी प्यायलेले असते. त्याच गर्दीत चौविहार पाळणारा एखादा धावपटू असेल, तर त्याचे शेवटचे अन्न आणि पाण्याचा शेवटचा घोट आदल्या सायंकाळचा असतो. त्या दिवसांत मुंबईत सूर्य साधारण ६.२० ला मावळतो आणि सकाळी ७.१५ च्या आसपास उगवतो. नवकारसी असेल तर त्यापुढे आणखी ४८ मिनिटे. म्हणजे धाव सुरू होताना त्याला जेवून पावणेअकरा तास झालेले असतात, आणि पहिला घोट ओठांना लागेपर्यंत तो तीन तास धावलेला असतो.

त्याच्या मनगटावर बहुधा एक घड्याळ असते. नाडी, अंतर, वेग, झोप, खर्च झालेल्या कॅलरी असे सारे ते टिपत असते. अशी घड्याळे, छातीवर बांधायचे पट्टे आणि बोटातल्या अंगठ्या गेल्या दहा-बारा वर्षांत व्यावसायिक खेळाडूंकडून महाविद्यालयांच्या मैदानापर्यंत पोहोचल्या, आणि त्यांच्याबरोबर क्रीडा-आहारतज्ज्ञांच्या टेबलावर एक नवी वही आली. पूर्वी आहारतज्ज्ञ विचारीत, ‘काल काय खाल्ले, किती सराव केला?’ आणि खेळाडू आठवेल तेवढे सांगे. आता समोर पंधरा दिवसांची अखंड नोंद असते. जैन कुटुंबातल्या खेळाडूच्या बाबतीत मात्र या नोंदीचा अर्थ लावणे नाजूक ठरते. कारण नोंद करणाऱ्या यंत्राला रात्रीभोजनत्याग, आयंबिल, एकाशन ठाऊक नसते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना यंत्राची भाषा ठाऊक नसते. दोघांच्या मध्ये उभा असतो तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, ज्याला व्रतही मोडायचे नाही आणि शर्यतही सोडायची नाही.

घड्याळ काय जाणते

खेळाडूने अंगावर बाळगायचे नाडीमापक नवे नाही. फिनलंडमधील पोलार कंपनीने १९८२ मध्ये छातीचा पट्टा आणि मनगटी घड्याळ यांना बिनतारी जोडणारे साधन बाजारात आणले. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत टिपतो. आजची घड्याळे निराळ्या मार्गाने जातात. त्यांच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी मोजली जाते. अंतर व वेग उपग्रहांच्या आधारे कळतो. हालचाल टिपण्यासाठी आत एक छोटा संवेदक असतो. प्रत्यक्ष मोजमाप एवढेच. झोपेची प्रत, ताण, ‘आज शरीर किती तयार आहे’ हा गुण आणि कॅलरी हे सारे या मोजमापांवरून बांधलेले अंदाज आहेत.

हा फरक लक्षात न आल्याने पुष्कळ घोटाळे होतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीमोजणी पाच टक्क्यांहून कमी चुकली. हे समाधानकारक म्हणावे लागेल. कॅलरीची मोजणी मात्र एकाही उपकरणाला जमली नाही. त्यातल्या त्यात चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर उपकरणे सुधारली असतील, पण अडचण मुळातच आहे. एकाच नाडीला दोन माणसे निरनिराळी ऊर्जा खर्च करतात; उन्हाने, चहाने, परीक्षेच्या काळजीनेही नाडी वाढते आणि घड्याळ त्या काळजीच्याही कॅलरी लावून मोकळे होते. गंमत अशी की घरोघरी सर्वांत आधी पाहिला जातो तो हाच आकडा. ‘आज सातशे जाळल्या, आता सातशेचे खायचे’ असा हिशेब मांडणारे खेळाडू आणि त्यांच्या माता दोघेही वाळूवर भिंत बांधत असतात.

जाणकार आहारतज्ज्ञ म्हणूनच कॅलरीचा आकडा बाजूला सारून घड्याळाला जे खरोखर मोजता येते त्याकडे वळतो. सपाट रस्त्यावर धावताना माणूस दर किलोमीटरला, आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. वेगाने या हिशेबात फारसा फरक पडत नाही. ५२ किलो वजनाची मुलगी १२ किलोमीटर धावली, तर खर्च सुमारे ६२० किलोकॅलरी. घड्याळाने अंतर अचूक दिले की पुढचा गुणाकार कागदावर होतो आणि तो बहुधा घड्याळाच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा बरा निघतो. सातारच्या हिल मॅरेथॉनसारखा यवतेश्वरचा घाट चढायचा असेल तर अर्थात जास्त धरावे लागते.

सायकलपटू या बाबतीत भाग्यवान. त्यांच्या पायट्यात किंवा दांडीत बसवलेला शक्तिमापक पायाने लावलेले बळ प्रत्यक्ष मोजतो. मानवी शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोहोचवते, उरलेली उष्णता होऊन जाते. या प्रमाणामुळे एक सोयीचा योगायोग घडतो. मापकावर जितके किलोज्यूल दिसतील, जवळजवळ तितक्याच किलोकॅलरी शरीराने खर्च केलेल्या असतात. २०२२ आणि २०२३ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या योनास विंगेगोरच्या युम्बो-विस्मा संघाने याच प्रकारच्या आकड्यांवर आधारलेले आहाराचे ॲप वापरले. कोणत्या स्वाराने उद्या किती भात खायचा हे त्यावरून ठरे आणि संघाच्या स्वयंपाकघरात ते तोलून दिले जाई. तेवढी नेमकी साधने सर्वांना परवडणार नाहीत, पण त्यातली कल्पना कोणत्याही स्वयंपाकघरात उतरू शकते. ती अशी की, ताट रोज सारखे नसते. उद्याच्या श्रमाप्रमाणे ते आजच ठरते.

उरलेल्या ऊर्जेचा हिशेब

येथे एक कल्पित पण सर्रास आढळणारे उदाहरण घेणे उपयोगी ठरेल. सांगली भागातली एकोणीस वर्षांची धावपटू, वजन ५२ किलो, त्यातले चरबी वगळून उरणारे वजन सुमारे ४२ किलो. रोज १२ किलोमीटर धाव. दिवसभराचे खाणे, घरच्या वाटीच्या मापाने काढलेले, साधारण १९०० किलोकॅलरी. घरात कोणालाही हे खाणे कमी वाटत नाही, कारण कॉलेजात जाणाऱ्या तिच्या बहिणीपेक्षा ते जास्तच आहे. पण १९०० मधून धावण्याचे ६२० वजा केले की १२८० उरतात, आणि त्यांना ४२ ने भागले की दर किलोमागे जेमतेम ३०. हृदय, मेंदू, हाडे, मासिक पाळी, रोगप्रतिकार या साऱ्यांना मिळून एवढीच ऊर्जा शिल्लक राहते. क्रीडाशास्त्रात तरुण स्त्रीसाठी ४५ हे समाधानाचे आणि ३० हे धोक्याचे माप मानले जाते. ही रेषा काटेकोर नाही, व्यक्तीनुसार ती मागेपुढे होते. तरीही ३० च्या खाली महिनोन्महिने राहिलेल्या शरीराने काटकसर सुरू केली नाही, असे क्वचितच घडते.

आता या हिशेबात घड्याळाची २७ टक्क्यांची चूक घालून पाहावी. घड्याळाने खर्च कमी दाखवला तर तीच मुलगी ३४ वर, म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित दिसते; जास्त दाखवला तर २६ वर, म्हणजे धोक्यात. मुलगी तीच, ताट तेच.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ अशा अर्थाचे नाव दिले आणि २०२३ मध्ये त्यावरील आपले निवेदन नव्याने प्रसिद्ध केले. त्याआधी हा केवळ स्त्रियांचा प्रश्न समजला जाई. आता पुरुष खेळाडूंनाही तो होतो हे मान्य झाले आहे. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, पायाच्या हाडांना बारीक तडे जाणे, वारंवार सर्दी-पडसे, चिडचिड, सराव वाढवूनही वेळ न सुधारणे ही त्याची लक्षणे. जैन कुटुंबांत यातली काही लक्षणे सहज नजरेआड होतात. मुलगी बारीक होते, तेव्हा ‘तप चांगले झाले’ असे कौतुक होते. पाळी चुकते, तेव्हा ‘सरावाने होते असे’ म्हणून विषय मिटतो. दोन्ही उद्गार प्रेमाचेच असतात. त्यांनी निदान मात्र सहा-सहा महिने लांबते.

आणि या ठिकाणी घड्याळ मदत करण्याऐवजी फसवू शकते. ऊर्जा कमी पडलेले शरीर बचत करताना हृदयाचे ठोकेही मंद करते. विश्रांतीच्या वेळची नाडी ५८ वरून ४८ वर आली की ॲपला ती तंदुरुस्तीची खूण वाटते आणि ते हिरवे चिन्ह दाखवून ‘आज कठीण सराव करा’ असा सल्ला देते. सरावाने कमावलेली मंद नाडी आणि उपासमारीने आलेली मंद नाडी यांतला फरक प्रकाशाच्या किरणाला कळत नाही. तो कळतो शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या नोंदींवरून. पूर्वी सहा मिनिटांत कापला जाणारा किलोमीटर त्याच नाडीवर आता साडेसहा मिनिटे घेतो का? झोप तुटते का? हातपाय सतत गार राहतात का? पाळी वेळेवर येते का? चांगला समुपदेशक म्हणूनच आलेख उघडण्याआधी हा शेवटचा प्रश्न विचारतो, आणि तो आईसमोर विचारायचा की एकटीला, हे मुलीवर सोडतो.

या मुलीला रोज आणखी तीनशे किलोकॅलरी हव्या असतील तर त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तूप, बोराएवढे दोन-तीन गुळाचे खडे एवढ्याने ती भरपाई होते आणि तिचा आकडा ३० वरून ३८ च्या आसपास जातो. खरी अडचण प्रमाणाची नसून वेळेची असते.

सायंकाळच्या सरावाची गाठ

बहुतेक मैदाने सायंकाळी पाच ते सात भरतात. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, सगळ्यांचा हाच वेळ. हिवाळ्यात सराव संपतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो. म्हणजे दिवसातला सर्वांत कठीण श्रम होतो आणि त्यानंतर बारा-तेरा तास पोटात काही जात नाही. दमलेले स्नायू ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरण्याचे काम पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने करतात. दुसरा सराव लवकरच असेल तर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा क्रीडा-आहारशास्त्राचा रूढ सल्ला आहे. चौविहार पाळणाऱ्याला तो सायंकाळी लागू करता येत नाही, आणि सकाळी सहाला पुन्हा मैदानावर जायचे असेल तर तो रिकामाच जातो.

घड्याळाच्या नोंदीतली सर्वांत उपयोगी रकाना येथे सापडतो, आणि तो आहे साधा घड्याळाचाच: सराव किती वाजता झाला आणि किती कठीण होता. दोन आठवड्यांची नोंद, शेजारी जेवणाच्या वेळा, आणि गावचा सूर्यास्त एकाच कागदावर मांडला की प्रशिक्षकालाही चित्र दिसते. मग तोडगा पुष्कळदा ताटात नव्हे, वेळापत्रकात निघतो. कठीण सराव सकाळी, नवकारसीनंतर थोडे खाऊन. लगेच भरपेट न्याहरी. दुपारचे जेवण वेळेवर. सायंकाळी केवळ तंत्राचा हलका सराव, आणि त्याआधी, सूर्यास्तापूर्वी, दिवसातले दुसरे मोठे जेवण. ज्या प्रशिक्षकाला ‘धर्मामुळे जमत नाही’ हे कारण पटत नाही, त्याला आठ दिवसांची नाडी आणि वेळ दाखवली की ते पटते, असा अनुभव कमी नाही.

खाण्याचा कालावधी आखूड असूनही शरीर टिकते का, या प्रश्नावर संशोधन झाले आहे. इटलीतील संशोधकांनी २०१६ मध्ये वजने उचलण्याचा सराव असलेल्या ३४ पुरुषांवर आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातल्या आठच तासांत खाणाऱ्या गटाची चरबी घटली, पण स्नायू आणि ताकद टिकून राहिली. ही बातमी समाजातल्या सभांमध्ये ‘विज्ञानाने रात्रीभोजनत्याग सिद्ध केला’ अशा स्वरूपात फिरते, ते मात्र योग्य नाही. त्या पुरुषांचे शेवटचे जेवण रात्री आठचे होते, आणि ते लांब पल्ल्याचे धावपटू नव्हते. त्यातून एवढेच घ्यावे की दिवसभराची ऊर्जा आणि प्रथिने पुरी पडली तर आखूड कालावधी हा स्वतःहून शत्रू नाही.

ती पुरी पाडताना सर्वसाधारण आहारपत्रक निरुपयोगी ठरते. त्यात उकडलेली अंडी, रताळे, बटाटा, बीटचा रस, मध, मोड आलेली कडधान्ये असतात. जैन स्वयंपाकघरात यातले जवळजवळ काहीच शिजत नाही. बाजारातल्या चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते, ऊर्जा देणाऱ्या काही जेलमध्ये मध. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्ध द्रव्यापासून काढतात. ‘डाळ आणि दही एकत्र खा’ हा शाकाहारी खेळाडूला हमखास मिळणारा सल्ला, पण तो द्विदलाच्या नियमावर आपटतो; कढी करताना दही आधी गरम करून घेण्याची घरोघरची पद्धत ठाऊक असलेला आहारतज्ज्ञच त्यातून वाट काढू शकतो. तरी हिशेब अवघड नाही. ५२ किलोच्या धावपटूला दिवसाला किमान ६२ ग्रॅम प्रथिने हवीत, वाढत्या सरावात त्याहून बरीच जास्त. शंभर ग्रॅम डाळीतून बावीस-तेवीस, दोन पेले दुधातून तेरा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, थोड्या पनीरमधून दहा, आणि ज्वारी-गव्हाच्या भाकरी-पोळ्यांतून वीस-पंचवीस असे पंचाहत्तरच्या आसपास सहज जमते. मात्र ती तीन-चार वेळांत विभागली पाहिजेत; संध्याकाळच्या घाईत एकदम नव्हे. लोह आणि ब-१२ ही दोन नावे कोणतेही घड्याळ उच्चारत नाही. दमायला होते आणि नाडी चढते, एवढेच ते सांगेल. कारण रक्ततपासणीत सापडेल. जेवणात लिंबू आणि चहा जेवणापासून तासभर दूर, या दोन सवयींनी शाकाहारातले लोह अंगी लागायला मदत होते.

पहाटेची शर्यत

आरंभरेषेवरच्या त्या धावपटूचे काय? त्याचे वजन ६० किलो धरले तर ४२.२ किलोमीटरसाठी सुमारे २५०० किलोकॅलरी लागतील. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा झोपेत फारसा घटत नाही. यकृतातला मात्र रात्रभरात बराच रिता होतो, आणि रक्तातली साखर टिकवण्याचे काम त्याचेच. म्हणून पहाटे त्याचे पाय भरलेले आणि यकृत उणे असते. लांब शर्यतीआधी दीड-दोन दिवस, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कर्बोदके घेण्याचा प्रघात आहे. त्याच्यासाठी ती सहाशे ग्रॅमच्या घरात जातात. तूर किंवा मूग घातलेला मऊ भात, पोहे, केळी, खजूर, गूळ, राजगिऱ्याचे लाडू हे सारे जानेवारीच्या आखूड दिवसात, नवकारसी ते सूर्यास्त अशा दहा तासांत बसवायचे, तेही पोट जड न करता. हे पहिल्यांदा शर्यतीच्या आदल्या दिवशी करणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण. येथे घड्याळाचा खरा उपयोग आहे, पण तो सरावाच्या महिन्यांत. ज्या व्रतासह शर्यत धावायची त्याच व्रतासह, त्याच पहाटेच्या वेळी, वाढत्या अंतराच्या धावा करून पाहायच्या. धावण्याआधी आणि नंतर, अंग कोरडे करून वजन घ्यायचे. वजन दोन टक्क्यांहून अधिक, म्हणजे या धावपटूचे १.२ किलोहून अधिक घटले असेल, तर पाण्याची तूट खेळावर परिणाम करू लागली असे समजतात. शेजारी घड्याळाचा आलेख ठेवायचा. वेग तोच असून नाडी हळूहळू चढू लागते तो क्षण त्यात स्पष्ट दिसतो: रक्तातले पाणी घटले, अंग तापले, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जाते म्हणून ठोके वाढतात. कोणाची नाडी ५० मिनिटांनी चढते, कोणाची ९० मिनिटांनी. मुंबईच्या दमट हवेत ही वेळ अलीकडे येते.

ज्याची वेळ पन्नास मिनिटांची आहे त्याने अन्नपाण्याविना तीन तास धावणे ही साधना म्हणता येणार नाही. तो उष्माघाताला दिलेला हात आहे. त्याच्यापुढे मार्ग आहेत. परंपरेतच चौविहाराखेरीज तिविहाराचे पच्चक्खाण आहे, ज्यात पाणी घेता येते. ते आपल्यासाठी योग्य का, हे गुरुमहाराजांना विचारावे. शर्यत छोटी निवडता येते. सूर्योदयानंतर सुरू होणारी शर्यत निवडता येते. आणि व्रत जसेच्या तसे ठेवून वेळेचे ध्येय सोडून देता येते, सूर्योदयापर्यंत सावकाश धावून. यांतला कोणता मार्ग घ्यायचा हे घड्याळ ठरवीत नाही, आहारतज्ज्ञही ठरवीत नाही. पण गुरूंसमोर ‘मला जमेल असे वाटते’ यापेक्षा ‘पाच धावांपैकी चार धावांत तासाभरात माझी नाडी चढली आणि दीड किलो वजन घटले’ हे सांगणे अधिक प्रामाणिक. तीर्थंकर-प्रकृतीच्या सोळा कारणभावनांत ‘शक्तितस्तप’ आहे. तप शक्तीप्रमाणे करायचे, शक्ती लपवून नव्हे आणि ओलांडूनही नव्हे. आपली शक्ती किती, हा प्रश्न पूर्वी अंदाजानेच सोडवावा लागे.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाबाबत तर अंदाजाचीही गरज नाही, कारण तिथी वर्षभर आधी ठाऊक असतात. तरीही ऐन पर्वात निवड-चाचणीचा सराव चालू आणि मुलाचा तेला, अशी ओढाताण दरवर्षी दिसते. वर्षाच्या आरंभीच पंचांग प्रशिक्षकाच्या हाती द्यावे. प्रत्येक चांगल्या कार्यक्रमात सराव मुद्दाम कमी करण्याचे आठवडे असतातच. त्यातला एक भाद्रपदात आणता येतो. एकाशनाच्या दिवशी हजार किलोकॅलरीवर बारा किलोमीटर धावणाऱ्या त्या सांगलीच्या मुलीचा आकडा ९ वर येतो, न धावल्यास २४ वर राहतो. एखाद्या दिवसाने बिघडत नाही; सलग दहा दिवस दोन्ही ओझी वाहण्याने बिघडते. पारण्यानंतर पहिल्या दोन दिवसांत घड्याळ ‘पूर्ण तयार’ म्हणाले तरी सराव हळूहळूच वाढवावा. वर्षीतपासारखे तेरा महिन्यांचे तप आणि स्पर्धात्मक लांब धाव एकाच वर्षी करू नये, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे.

काही खेळाडू आता दंडावर साखरमापक संवेदकही लावतात. तो रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो आणि काही मिनिटे मागे असतो. जागतिक सायकल संघटनेने २०२१ मध्ये शर्यतीत त्याच्या वापराला बंदी घातली. मधुमेह नसलेल्या तरुण खेळाडूने उपवासाच्या दिवशी त्याचा प्रत्येक चढउतार पाहत बसणे हे मनःशांतीलाही पोषक नाही. मधुमेह असलेल्याची गोष्ट वेगळी; त्याचे व्रत आणि सराव दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

आहारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताना दोन आठवड्यांची घड्याळाची नोंद, वाटी-पोळीच्या मापाने लिहिलेले खाणे, घरातल्या नियमांची यादी, पंचांग आणि अलीकडची रक्ततपासणी एवढे बरोबर असावे. नोंदीत सामायिकाच्या ४८ मिनिटांची, प्रतिक्रमणाची, पौषधाच्या दिवसाची जागा रिकामी असेल, कारण त्या वेळी अनेकजण विजेवर चालणारे घड्याळ काढून ठेवतात. ती रिकामी जागा म्हणजे आळस नव्हे, हे आधीच सांगून टाकावे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आवश्यक ठरवली आहे. ती माहिती प्रशिक्षकाने संघाच्या गटावर टाकावी का, हेही तेव्हाच ठरवावे. विशेषतः वजन आणि पाळी यांचे आकडे त्या गटावर जाऊ नयेत. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, हिरव्या भाज्या पुन्हा ताटात येतात, दिवस आखूड झालेला असतो आणि जानेवारीच्या शर्यतीचा लांब सराव जोर धरतो. तेव्हा दुसरी पंधरा दिवसांची नोंद त्या सुमारास घ्यावी.